टेरेसची गळती दरवर्षी परत येते तेव्हा: आधी पाण्याची वाट शोधा, मग लादी फोडा

तो डाग पहिल्यांदा दिसला तेव्हा हाताच्या पंजाएवढा होता. आमच्या घरात नव्हे, खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या बेडरूममध्ये. आमच्या इमारतीचे वरचे मजले थोडे आत सरकवून बांधलेत. त्यामुळे आमच्या हॉलबाहेर जवळजवळ ६० चौरस मीटरची मोकळी टेरेस आहे आणि तिचाच स्लॅब म्हणजे काकूंचं छत. त्यांनी फोनवर तक्रार केली नाही, एवढंच म्हणाल्या, "अगं, पलंग जरा सरकवून घेतलाय मी. तू सवडीने येऊन बघून जा." मी गेले तर पलंगाच्या जागी बादली होती.

त्यानंतर सलग तीन पावसाळे तोच डाग, त्याच जागी, दर वेळी थोडा मोठा. पहिल्या वर्षी आम्ही लाद्यांच्या सांध्यांतलं जुनं ग्राउट खरवडून इपॉक्सी भरून घेतलं. दुसऱ्या वर्षी लाद्यांवरून पारदर्शक वॉटरप्रूफिंगचे दोन हात दिले. तिसऱ्या वर्षी काकूंच्या छताला खालून भोकं पाडून पॉलियुरेथेनचं, म्हणजे तडे बुजवणाऱ्या रसायनाचं, इंजेक्शन भरलं. प्रत्येक वेळी छत काही महिने कोरडं राहायचं आणि आम्हाला वाटायचं, झालं एकदाचं. खरं म्हणजे काम संपेपर्यंत पाऊसच संपलेला असायचा. आम्ही इलाज तीन केले, निदान एकदाही केलं नाही.

चौथ्या वर्षी ठरवलं की पाणी नेमकं कुठून शिरतंय हे डोळ्यांनी दिसेपर्यंत काहीही लावायचं नाही आणि काहीही फोडायचं नाही. शोधायला अकरा दिवस लागले, दुरुस्तीला त्याहून कमी. तेव्हापासून दोन पावसाळे कोरडे गेले. ज्यांच्या टेरेसची गळती अशीच दरवर्षी उगवते त्यांच्यासाठी तो सगळा क्रम इथे लिहिते आहे.

डागावरून जागा का कळत नाही

टेरेसची फरशी म्हणजे वरून खाली चार-पाच थर असतात. वर लादी, तिच्याखाली चिकटवायचा मसाला, मग पाण्याला ढाळ देणारा कोबा, त्याखाली वॉटरप्रूफिंगचा थर म्हणजे मेंब्रेन आणि सगळ्यात खाली स्लॅब. काही ठिकाणी मेंब्रेन कोब्याच्या वर असतं. पाणी अडवायचं काम मेंब्रेनचं आहे. लादी आणि ग्राउट पाणी कमी करतात, थांबवत नाहीत, आणि त्यांच्याकडून तशी अपेक्षाही नसते. सांध्यांतून झिरपलेलं पाणी कोब्यात उतरतं, कोबा ते स्पंजासारखं धरून ठेवतो, आणि मेंब्रेनवर पोचलेलं पाणी ढाळाच्या दिशेने सरकत राहतं. जिथे मेंब्रेनला फट सापडेल तिथे ते स्लॅबमध्ये शिरतं.

पुढचा प्रवास तर आणखी फसवा. स्लॅबमध्ये विजेच्या वायरींचे पाइप गाडलेले असतात. पाण्याला तो सोपा रस्ता. आमच्याकडे पाणी शिरत होतं त्या जागेपासून काकूंच्या छतावरचा डाग चार मीटर लांब होता, कारण ते एका पाइपमधून वाहत दिव्याच्या पॉइंटपाशी बाहेर पडत होतं. डागाच्या बरोबर वरच्या लाद्या फोडल्या असत्या तर खाली ठणठणीत कोरडा स्लॅब मिळाला असता.

दिव्याजवळ किंवा पंख्याच्या हुकाजवळ ओल दिसली तर बाकी सगळं नंतर. आधी त्या भागाचा एमसीबी, म्हणजे विजेच्या बोर्डावरचा त्या भागाचा स्विच, खाली करा आणि इलेक्ट्रिशियनने तपासेपर्यंत तो वर करू नका. जिप्समचं फॉल्स सीलिंग फुगून खाली लोंबायला लागलं असेल तर त्याखाली कुणी उभंही राहू नये, झोपणं तर दूरच.

घड्याळ आणि वही

शोधाची सुरुवात हातोडीने करू नका. एक वही घ्या. पाऊस कधी सुरू झाला, कधी थांबला, वारा होता का, आणि खाली पहिला थेंब कधी पडला, एवढं लिहीत जा. खालच्यांची मदत लागते. काकू रात्री दोनलासुद्धा मला मेसेज करायच्या, आणि त्या वहीने जेवढं शिकवलं तेवढं तीन वर्षांतल्या कुठल्याही पाहणीने शिकवलं नव्हतं.

पाऊस सुरू झाल्यावर तासाभरात थेंब पडत असेल तर कुठेतरी मोकळी वाट आहे: पाणी जायच्या जाळीपाशी, पाइपच्या भोवती किंवा एखाद्या बोल्टच्या भोकात. थेंब सात-आठ तासांनी सुरू होऊन पाऊस थांबल्यावरही दोन दिवस चालू राहत असेल तर कोबा भरून आला आहे आणि हळूहळू रिकामा होतोय. मुसळधार पण सरळ पावसात काही होत नाही, वाऱ्याबरोबरचा तिरपा पाऊस आला की लगेच ओल येते, असं असेल तर फरशी सोडा. कठडा, भिंत आणि सरकतं दार बघा. झाडांना पाणी घातलं की ओल येते आणि झाडं कोरडी ठेवली की जाते, तेव्हा दोष वाफ्यात किंवा ठिबकच्या नळीत असतो. आणि कोरड्या ऋतूतही रोज तेवढीच ओल असेल तर ती टेरेसची गळतीच नव्हे, बहुधा नळाचा पाइप फुटलाय. त्यासाठी घरातले सगळे नळ बंद करून रात्री मीटरचा आकडा लिहा आणि सकाळी कुणी पाणी वापरायच्या आत पुन्हा बघा. आकडा सरकला असेल तर प्लंबर बोलवा.

एक शक्यता अजून राहते. थंड छतावर खोलीतल्या हवेचा दमटपणा जमून बुरशी येते आणि ती गळतीसारखीच दिसते. ती सहसा कोपऱ्यांत, कपाटांमागे, जिथे हवा खेळत नाही तिथे काळे ठिपके होऊन येते. गळतीच्या डागाला कडेने पिवळट-तपकिरी रेघ असते, आणि ओल जुनी असेल तर पांढरा लोणा फुटलेला असतो. लोणा म्हणजे पाण्याने सिमेंटमधून विरघळवून आणलेले क्षार. तो दिसला की पाणी काँक्रीटमधून आलंय हे नक्की.

आमच्या वहीत दोन वेगवेगळे नमुने निघाले. जोराचा पाऊस पडला की पाऊण तासात थेंब, आणि वाऱ्याच्या पावसात वेगळ्याच जागी, आमच्या हॉलच्या दारालगत, लाकडी फ्लोअरिंगच्या कडा वर यायच्या. दुसऱ्या गोष्टीकडे मी तीन वर्षं लक्षच दिलं नव्हतं. पुसताना पाणी राहत असेल असं धरून चालले होते. एका घरात दोन गळत्या असू शकतात, हे आधी ध्यानात आलं असतं तर निम्मा त्रास वाचला असता.

पाणी सोडून बघणं, एका वेळी एकच जागा

ही चाचणी कोरड्या दिवसांत करायची, खालचं छत वाळल्यावर. सगळ्या टेरेसवर एकदम पाणी भरायचा मोह होतो. तसं करू नका. एक तर गळलं तरी कुठून गळलं ते कळत नाही. दुसरं म्हणजे वजन. ५ सेंटिमीटर पाणी म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर ५० किलो, म्हणजे आमच्या टेरेसवर ३ टन. वर मातीने भरलेले वाफे, डेक, झोपाळा. ओल्या मातीचं वजन घनमीटरला दीड टनाच्या पुढे जातं. टेरेसवर आधीच जड सामान असेल तर पाणी भरण्यापूर्वी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा, ही विनंती समजा.

आम्ही प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या वाळूच्या पिशव्यांचे बांध घालून टेरेसचे चार भाग केले आणि सुरुवात सगळ्यात खालच्या बिंदूपासून, म्हणजे जाळीपासून केली. खालून वर जायचं, कारण वर सोडलेलं पाणी शेवटी खालीच येतं आणि सगळी भेळ होते.

जाळीची चाचणी जरा तपशिलात सांगते, कारण बऱ्याच टेरेसचा दोष इथेच असतो. आधी नळीचं तोंड थेट पाइपात खोल सोडून पाणी वाहू द्या, फरशीवर थेंब न सांडता. खाली ओल आली तर पाइपच किंवा त्याचा खालचा सांधा गळतोय. आमच्याकडे दोन तास वाहूनही काही आलं नाही. मग फुगवायचा रबरी बूच पाइपात थोडा खाली बसवून, तोंडापर्यंत पाणी भरून फक्त जाळीभोवतीचा खळगा भरला. पाण्यात चिमूटभर फ्लुओरेसिन टाकलं होतं. हा रंग पिवळसर हिरवा असतो आणि यूव्ही टॉर्चच्या उजेडात लखलखतो. फिकट दगडाची फरशी असेल तर आधी एखाद्या कोपऱ्यात लावून बघा, डाग राहू शकतो.

चाळीस मिनिटांनी काकूंनी हाक मारली. दिवा आधीच काढून ठेवला होता, त्या उघड्या खोक्याच्या कडेला एक थेंब जमत होता. मी टॉर्च धरला आणि तो थेंब हिरवा पेटला. काकू म्हणाल्या, "सापडला गं!" आणि माझ्या डोळ्यांत खरंच पाणी आलं.

वर येऊन पाणी उपसलं, जाळी उचकटली आणि खळग्यात बोट फिरवलं. पाइपची कड आणि कोबा ह्यांच्यामध्ये बोटाचं नख जाईल एवढी फट होती, अर्ध्या घेराला. बोटाला ओली वाळू लागली. मेंब्रेन पाइपच्या तोंडात वळवून घ्यायला हवं होतं, ते पाइपच्या चार बोटं अलीकडेच कापून सोडलं होतं. प्लॅस्टिकचा पाइप आणि काँक्रीट उन्हाने कमी-जास्त प्रसरण पावतात. नुसत्या सिमेंटने बुजवलेला तो सांधा सुटणारच होता. टेरेसचा सगळा पाऊस ज्या जागेवरून जातो, नेमकी तीच जागा उघडी.

मग दार. सरकत्या दाराच्या खालच्या पट्टीत पाणी बाहेर जायला बारीक भोकं असतात. पट्टीत तांब्याभर पाणी ओता आणि बघा, ते बाहेरच्या बाजूने निघालं पाहिजे. आमच्या पट्टीची भोकं धूळ आणि पॉलिशच्या चिखलाने गच्च बुजली होती, आणि पाणी पट्टीच्या कोपऱ्यातल्या स्क्रूच्या भोकांतून आत, लाकडाखाली जात होतं. भोकं टाचणीने मोकळी केल्यावर निम्मा प्रश्न तिथेच सुटला. उरलेला निम्मा उंबरठ्याचा.

महागड्या फ्लॅटमध्ये आतली आणि बाहेरची फरशी एका पातळीत ठेवायची पद्धत आहे, हॉल आणि टेरेस एकच वाटावी म्हणून. दिसायला ते सुंदर दिसतं, मलाही आवडतं. पण भिंतीपाशी मेंब्रेन तयार फरशीच्या निदान १५ सेंटिमीटर वर चढवायला हवं आणि सपाट उंबरठ्यात त्याला चढायला जागाच नसते. तिथे दाराच्या पूर्ण रुंदीला बाहेरून जाळीची लांब पन्हळ हवी, जी पाणी दारापर्यंत पोचायच्या आधी उचलते. ती नसेल तर वाऱ्याचा पाऊस आज ना उद्या आत येणारच, कितीही सिलिकॉन भरा.

जिथे बघायचं राहून जातं

आमच्याकडे बाकीचे तीन भाग ४८ तास पाणी ठेवून कोरडे निघाले. तुमच्याकडे निघतीलच असं नाही. टेरेसचा मधला सपाट भाग सहसा शेवटचा गुन्हेगार असतो. पाणी कडांना आणि भोकांना शिरतं. भिंत आणि फरशी जुळते तिथे गोलाई, म्हणजे वाटा, नसेल आणि काटकोनातच मेंब्रेन दुमडलं असेल तर ते तिथे फाटतं. काचेच्या रेलिंगचे बोल्ट, एसीच्या पाइपचं भोक, बागेतल्या दिव्यांच्या वायरी, सगळं तपासा.

आणि परगोला, म्हणजे खांबांवरचा उघडा मांडव. घराचा ताबा मिळाल्यानंतर टेरेसवर बसवलेली प्रत्येक गोष्ट संशयित धरा. मेंब्रेनची जाडी मिलिमीटरमध्ये मोजतात आणि परगोल्याच्या पायाचा अँकर बोल्ट ८-१० सेंटिमीटर खोल जातो. चार खांबांचे सोळा बोल्ट म्हणजे सोळा भोकं. फॅब्रिकेटरला त्याखाली काय आहे ते कुणी सांगितलेलं नसतं. "गळती कधीपासून?" ह्या प्रश्नाबरोबर "टेरेसवर शेवटचं काय बसवलं?" हेही विचाराल तर पुष्कळदा उत्तर तिथेच मिळतं.

लाकडी डेक आणि कृत्रिम हिरवळ ह्यांच्याखाली जाळी झाकली जाते. तिच्यावर उचलता येणारा एक चौकोन ठेवलाच पाहिजे. वाफ्यांना स्वतःचं वेगळं वॉटरप्रूफिंग, मुळं रोखणारा थर आणि स्वतःचा निचरा लागतो. टेरेसच्या मेंब्रेनवर थेट माती टाकली असेल तर मुळं सांधा शोधतात.

पाऊस थांबल्यावर तासाभराने जिथे पाणी साचलेलं दिसेल त्याच्या कडेने खडूने रेघ मारून फोटो काढा. ढाळ मीटरला निदान १ सेंटिमीटर हवा. डबकं दारापाशी असेल तर फरशी उलट्या दिशेला उतरते आहे आणि नुसत्या केमिकलने ते सुधारणार नाही.

दुरुस्ती आम्ही कशी करून घेतली

जाळीभोवतीचा ६० सेंटिमीटरचा चौकोन स्लॅबपर्यंत उघडला आणि तीन दिवस वाळू दिला. जुन्या पाइपच्या तोंडाला रुंद कॉलर असलेला ड्रेन बसवला, ज्यात मेंब्रेन कॉलर आणि वरच्या कड्यामध्ये घट्ट पकडलं जातं. ह्या ड्रेनला बाजूने बारीक छिद्रं असतात, म्हणजे लादीखाली उतरलेलं पाणीही पाइपातच जातं. ती छिद्रं मसाल्याने बुजू नयेत म्हणून भोवती खडी टाकायची असते. कारागीर घाईत असेल तर हेच राहतं, म्हणून मी त्या वेळी शेजारी बसून होते. कोपऱ्यात वाटा, त्यावर कापडाची पट्टी, मेंब्रेनचे दोन हात, दुसरा पहिल्याला आडवा. नवं मेंब्रेन जुन्यावर सगळ्या बाजूंनी १५ सेंटिमीटर चढवलं. लाद्या बसवण्याआधी ४८ तास पाणी भरून ठेवलं. ही चाचणी लाद्या बसल्यावर घेण्यात फारसा अर्थ नाही, त्यामुळे कंत्राटदाराबरोबर कामाच्या कागदावर आधीच लिहून घ्या की पाण्याची चाचणी झाल्याशिवाय लादी बसणार नाही.

दाराबाहेर लांब पन्हळ घातली. लाद्या परत बसवताना साधारण ३ मीटरवर एक सांधा ग्राउटऐवजी लवचीक सीलंटने भरला. उन्हात १० मीटर काँक्रीट ४० अंशांच्या फरकाने जवळजवळ ४ मिलिमीटर लांबतं-आखडतं, आणि त्या हालचालीला जागा दिली नाही तर लादी उचलते किंवा सांधे फुटतात. पहिल्या वर्षी आम्ही घट्ट इपॉक्सी भरून तीच जागा बंद केली होती. दुसऱ्या वर्षीच्या पारदर्शक थराखाली ओल कोंडली, म्हणून तो फोड येऊन सोलला. तिसऱ्या वर्षीचं इंजेक्शन ज्या तड्यात गेलं तो बुजला आणि पाण्याने पाइपची वाट धरली.

खालचं छत रंगवायची घाई करू नका. साध्या मसाल्याचा थर चांगल्या हवेतही दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाळतो. ५ सेंटिमीटरचा कोबा भिजला असेल तर दोन महिने धरा, आणि स्लॅब त्याहून हळू वाळतो. ओल्यावर रंग दिला की पोपडे येतात आणि लोकांना वाटतं गळती परत आली. आम्ही छतावर पेन्सिलने डागाची कड आखून तारीख लिहिली होती. दर आठवड्याला बघायचो, रेघेबाहेर ओल गेली का. रंगाआधी छताला लालसर तपकिरी ओघळ दिसले किंवा ठोकल्यावर पोकळ आवाज आला तर मात्र थांबा: आतली सळई गंजायला लागली आहे, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो म्हणून काँक्रीट सुटतं. ते काम रंगाऱ्याचं नाही, इंजिनिअरचं.

आता पावसाळ्याआधी मी जाळी उचलून कचरा काढते, दाराच्या पट्टीतली भोकं टाचणीने मोकळी करते आणि लवचीक सांधे बोटाने दाबून बघते. टेरेसला पाणी जायची एकच वाट असेल तर कठड्यात थोड्या उंचीवर जास्तीचं पाणी बाहेर टाकणारं एक भोक करून घ्या, दाराच्या उंबरठ्यापेक्षा खाली. जाळी पानांनी तुंबली तर पाणी घरात यायच्या आधी तिथून पडेल आणि ते पडताना दिसेलही.

काकूंनी ह्या वर्षी पलंग पुन्हा जुन्या जागी लावला. पेन्सिलची रेघ मात्र अजून पुसू दिलेली नाही, म्हणाल्या अजून एक पावसाळा बघू.